मद्रासचं विमान

मुलीला चेन्नईत नोकरी लागली. पेढे घेऊन रोह्याला आईकडे गेलो. पेढा हातात धरूनच आईनं विचारलं, "विमानानं जाणार?" मी हो म्हटलं. तर म्हणाली, "ते मद्रासचंच विमान होतं ना रे?"

कुठलं, ते मला कळलं. 12 ऑक्टोबर 1976. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाले होते, आई पेणला माहेरी होती. मुंबईहून मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल उडाल्यावर लगेच मागे फिरलं आणि सांताक्रूझच्या धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. आतली सगळी, 95 माणसं गेली. आजोबांनी पेपर घडी करून ठेवून दिला, दिवसभर बोलले नाहीत, एवढं आईला आठवतं.

"एक इंजिन बंद पडलं नि पडलं," आई म्हणाली. खरं तर तसं नव्हतं. दोन इंजिनांचं विमान एकावर उडू शकतं, उतरूही शकतं. एक बंद पडलं तर आधी विमान सांभाळायचं, त्या इंजिनाचं इंधन तोडायचं, आग असेल तर विझवायची आणि परत फिरायचं. वैमानिक हे सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा घोटतात. त्या रात्री मात्र इंजिन नुसतं बंद पडलं नाही, फुटलं. कॉम्प्रेसरच्या चकतीला थकव्याचा तडा होता. तुकड्यांनी इंधनाची नळी कापली, आग लागली, त्या आगीत हायड्रॉलिक तेल गेलं आणि त्याच्याबरोबर विमानावरचा ताबाही.

बाबा धाटावला कारखान्यात फिटर होते. म्हणायचे, लोखंडही दमतं, फक्त बोलून दाखवत नाही.

मग मी आईला सिंगापूरची गोष्ट सांगितली. 4 नोव्हेंबर 2010 ला क्वांटासच्या ए-380 विमानाच्या इंजिनातली चकती अशीच फुटली, पंख फाटला, तारा तुटल्या. तरी वैमानिकांनी ते उतरवलं. 469 जणांपैकी कुणाला खरचटलंही नाही.

"आणि अहमदाबाद?"

तिथे मी गप्प झालो. जून 2025 मध्ये पडलेल्या त्या विमानाच्या फेरीचा नंबरही 171, मद्रासच्या विमानाचाच. तिथे दोन्ही इंजिनांचं इंधन तुटलं होतं. एकावर उडतं, हे उत्तर तिथे उपयोगाचं नव्हतं. आईला खोटं कशाला सांगू?

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पण ते दमलेलं लोखंड बघतं कोण?"

म्हटलं, चकत्यांचं आयुष्य उड्डाणांत मोजतात. ठरलेला आकडा भरला, की चांगली दिसत असली तरी काढून टाकतात.

"म्हणजे तुझ्या बाबांना 58 ला घरी बसवलं तसं," आई म्हणाली. आणि मग कुठे तिनं पेढा तोंडात टाकला.