मशीनची अक्कल कुठून आली?

वॉशिंग मशीनवर आता ‘एआय’ लिहिलेले असते आणि गिऱ्हाइकाला वाटते, ही अक्कल काल-परवाच आली. मशीन दुरुस्तीच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. ही अक्कल जुनी आहे आणि ती माणसांचीच आहे, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.

1965 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक लॉत्फी झादेह यांनी ‘फझी सेट्स’ हा निबंध छापला. ‘थोडे गरम’, ‘बरेच मळके’ अशा मोघम गोष्टी 0 ते 1 मधल्या आकड्यांत मांडता येतात, हा त्याचा गाभा. अनेक जाणकारांनी तेव्हा नाके मुरडली. टांझानियात जन्मलेले आणि भारतात शिकलेले इब्राहिम ममदानी यांनी मात्र लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात, सेटो असिलियन या विद्यार्थ्यासोबत, ते एका लहान वाफेच्या इंजिनावर करून पाहिले. दाब कमी आहे आणि वाढतही नाही, तर आच वाढवा; अनुभवी माणूस जसे सांगेल तसे नियम त्यांनी लिहिले आणि इंजिन त्यांवर चालले. पुढे डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्टीवरच्या कामगारांचे ठोकताळे याच रीतीने यंत्रात गेले. 1987 साली जपानच्या सेंदाई शहरात सुरू झालेली भुयारी रेल्वे याच पद्धतीने, धक्का न देता थांबू लागली.

1990 साली मात्सुशिता या जपानी कंपनीने फझी वॉशिंग मशीन बाजारात आणले. त्यात पाण्याच्या वाटेवर एका बाजूला प्रकाश सोडणारा दिवा आणि समोर तो टिपणारा सेन्सर होता. पाणी गढूळ झाले की पलीकडे प्रकाश कमी पोचतो. चिखलाचा मळ पाण्यात लवकर उतरतो, तेलकट मळ हळूहळू. किती गढूळ आणि किती वेळात, एवढ्यावरून मशीन धुण्याचा वेळ ठरवते. कपडे पाहून ठरवण्याचे घरोघरच्या बायकांचे कसब काही प्रमाणात तरी यंत्रात उतरले. नव्वदच्या दशकात आपल्या जाहिरातींतही ‘फझी लॉजिक’ झळकले.

पण सेन्सरला कपडा दिसत नाही, पाणी दिसते. हळदीचा डाग कॉलरवर तसाच बसलेला असला आणि पाणी नितळ असले, की त्याच्या लेखी काम झाले. बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्या काचेवर बसले, तर तो स्वच्छ पाण्यालाही मळके ठरवतो. असे मशीन माझ्याकडे आले की मी आधी काच पुसतो. पुष्कळदा बोर्डाला हात लावावा लागत नाही.

आजचे एआय माणसाने लिहून दिलेल्या नियमांऐवजी धुलाईच्या ढीगभर नोंदींवरून शिकते. त्यामुळे कपड्याचा पोत आणि वजन ते अधिक चांगले ओळखू शकते, हा खरा फायदा आहे. मात्र ममदानींचा नियम चुकला तर तो वाचून दुरुस्त करता येत होता. शिकलेल्या मशीनने एखादा निर्णय का घेतला, ते मला बोर्डावरून सांगता येत नाही. आणि सेन्सरच्या नजरेपलीकडचे त्यालाही दिसत नाही.

म्हणून मशीन घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. हे नेमके काय मोजते? तो सेन्सर साफ कसा करायचा? आणि मशीनचे चुकले, तर वेळ आणि पाणी मला हाताने ठरवता येते का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर ते मशीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.