कायदा आणि वनसंपदा : अमेरिकेतील संयुक्त पदवीचा मार्ग

पश्चिम व्हर्जिनियातील मोनोंगाहेला राष्ट्रीय वनात १९६० च्या दशकात सरसकट वृक्षतोड सुरू झाली. डोंगरउतार बोडके होऊ लागले, तेव्हा तेथे टर्कीच्या शिकारीस जाणाऱ्या स्थानिकांनी प्रथम ओरड केली. पुढे आयझॅक वॉल्टन लीग या संस्थेने संघीय वनखात्यास न्यायालयात खेचले. वादींच्या वकिलांनी १८९७ च्या कायद्यातील एका तरतुदीवर बोट ठेवले. राष्ट्रीय वनातील मृत, परिपक्व किंवा मोठी वाढ झालेली झाडेच विकता येतील, आणि तीही एकेक खूण करून, असे ती तरतूद सांगत होती. ‘परिपक्व’ म्हणजे व्यवस्थापनाच्या दृष्टीने तोडण्यास योग्य, असा वनखात्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने मात्र त्या शब्दाचा जीवशास्त्रीय अर्थच ग्राह्य धरला. १९७५ मध्ये चौथ्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसला राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायदा संमत करावा लागला.

झाड परिपक्व केव्हा होते, हा प्रश्न वनशास्त्राचा. कायद्यातील ‘परिपक्व’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न विधिशास्त्राचा. हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला कळावेत, या गरजेतून अमेरिकेतील काही विद्यापीठांत कायदा आणि वनसंपदा यांच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी आकार घेतला आहे. मराठी कुटुंबांत अभियांत्रिकी, वैद्यक आणि व्यवस्थापन यांच्यापलीकडे फारसा विचार होत नाही. त्यामुळे हा मार्ग अपरिचित राहिला असल्यास नवल नाही.

अशा शिक्षणाचे जुने आणि ठळक उदाहरण येल विद्यापीठाचे आहे. तेथील वनविद्यालय १९०० मध्ये पिंचॉट कुटुंबाच्या देणगीतून उभे राहिले. गिफर्ड पिंचॉट हे पुढे १९०५ मध्ये अमेरिकी वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांची जडणघडण युरोपात झाली आणि तीत मोठा वाटा होता तो डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाचा. हे ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत आणि हिंदुस्थानच्या वनखात्यात आलेल्या अनुभवावर आधारलेला त्यांचा सल्ला अशा रीतीने अमेरिकेच्या वननीतीच्या पायात गेला. या विषयाकडे वळणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला आपण अगदीच परक्या घरी आलो आहोत, असे वाटण्याचे कारण नाही.

त्या विद्यालयाचे नाव २०२० पासून ‘येल स्कूल ऑफ द एन्व्हायर्न्मेंट’ असे असून त्याच्या अंतर्गत ‘द फॉरेस्ट स्कूल’ हा विभाग चालतो. येलच्या विधी विद्यालयाची तीन वर्षांची ज्युरिस डॉक्टर, म्हणजेच जे.डी., ही पदवी आणि पर्यावरण विद्यालयाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी एरवी मिळून पाच वर्षे घेतात. संयुक्त अभ्यासक्रमात ती चार वर्षांत पूर्ण होतात. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठातही कायदा आणि पर्यावरण व्यवस्थापन यांची अशीच चार वर्षांची सांगड आहे. पदवीचे नाव ठिकाणानुसार बदलते आणि त्यात फरकही आहे. ‘मास्टर ऑफ फॉरेस्ट्री’ ही व्यावसायिक पदवी, तर ‘मास्टर ऑफ सायन्स’ ही बहुधा संशोधन-प्रबंधाची. दुसरीत प्रबंध लांबला की वाचलेले वर्ष हातचे जाते. मात्र सार्वजनिक विद्यापीठांत संशोधन-साहाय्यकाचे वेतन मिळण्याची शक्यता तिथेच अधिक असते.

एक वर्ष नेमके वाचते कसे

अमेरिकन बार असोसिएशनच्या निकषांप्रमाणे जे.डी. साठी किमान ८३ श्रेयांक लागतात. त्यांपैकी किमान ६४ श्रेयांक नियमित वर्गांतून किंवा प्राध्यापकांच्या थेट अध्यापनातून मिळवावे लागतात. उरलेल्या जागेत दुसऱ्या विद्यालयातील काही विषय बसवता येतात आणि अनेक विधी विद्यालये स्वतःची मर्यादा याहूनही कडक ठेवतात. वनविद्यालयही कायद्याचे काही विषय आपले म्हणून मोजते. वाचणारे वर्ष या दुहेरी मोजणीतून येते. अभ्यास त्याने हलका होत नाही.

येथे एक खाचखळगा आहे आणि तो माहीत नसल्यामुळे विद्यार्थी अडकू शकतात. जे.डी. मध्ये प्रवेश घेण्यापूर्वी पूर्ण केलेले श्रेयांक सामान्यतः त्या पदवीसाठी धरले जात नाहीत. ज्याने आधी वनशास्त्राचे वर्ष पुरे केले आणि मग कायद्याकडे पाऊल टाकले, त्याला ते वर्ष जे.डी. च्या बाजूने मोजून मिळेलच असे नाही. पहिले वर्ष कुठे घालवायचे, हा म्हणूनच केवळ आवडीचा प्रश्न नाही. दोन्ही विद्यालयांच्या प्रबंधकांकडून श्रेयांकांचा हिशेब लेखी घेतल्याशिवाय शुल्क भरू नये.

प्रवेश दोन्हीकडे स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. एका विद्यालयाने घेतले म्हणून दुसरे घेईलच, असे नाही. कायद्यासाठी एलसॅट किंवा अनेक ठिकाणी जीआरई चालते. पदवीच्या विषयाची अट जे.डी. ला नसते. त्यामुळे दापोली किंवा अकोला येथील वनशास्त्राच्या पदवीधराला भारतात एलएल.बी. न करताही थेट अर्ज करता येतो. वनविद्यालय मात्र जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची तयारी पाहते आणि साहित्य किंवा राज्यशास्त्राच्या पदवीधराला ती उणीव आधी भरून काढावी लागू शकते.

दोन्ही शाळांची पाटी वेगवेगळी

कायद्याचे पहिले वर्ष जवळजवळ सर्वत्र सारखेच असते: करार, अपकृत्ये, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी कायदा, संविधान. वनाचा उल्लेखही क्वचितच येतो. पुढे प्रशासकीय कायदा, सार्वजनिक भूमी, पाणी, आदिवासी राष्ट्रांचे हक्क, करकायदा असे विषय निवडता येतात. यांतील प्रशासकीय कायदा टाळू नये, कारण वनविषयक दाव्यांपैकी फार मोठा भाग अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: खात्याने कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळली की नाही?

वनविद्यालयातला दिवस निराळा. वृक्षओळख, मृदा, वनसंवर्धनशास्त्र, वनमापन, वणव्यांचे परिस्थितिकीशास्त्र, वन-अर्थशास्त्र, नकाशाशास्त्र. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटर उंचीवर, खोडाचा व्यास मोजायला शिकणे हा तेथील श्रीगणेशा. हीच उंची भारतातील वनमापनातही प्रमाण मानली जाते. येलकडे ईशान्य कनेक्टिकटमध्ये सुमारे ७,८०० एकरांचे येल-मायर्स वन आहे आणि कोणते झाड ठेवायचे, कोणते काढायचे, याच्या खुणा करण्याचे काम विद्यार्थी तेथे उन्हाळ्यात प्रत्यक्ष करतात. पुढे साक्षीदाराची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला याचा उपयोग किती होतो, हे वेगळे सांगायला नको.

उपयोगाचे सर्वांत बोलके उदाहरण वायव्य अमेरिकेतील आहे. उत्तरी ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळाले. १९९१ मध्ये सिएटलचे संघीय न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी राष्ट्रीय वनांतील जुन्या जंगलांच्या लाकूडविक्रीला मनाई हुकूम दिला आणि त्यातून १९९४ ची वायव्य वनयोजना जन्मली. गिरण्या बंद पडल्या, गावे ओस पडली, आणि घुबड विरुद्ध नोकऱ्या अशी घोषणाबाजी देशभर झाली. दाव्याच्या मुळाशी मात्र प्रजातीची टिकाव धरण्याजोगी संख्या किती आणि तिला किती सलग जंगल लागते, हा गणिती प्रश्न होता. तो ज्या वकिलांना वाचता आला नाही, त्यांना तज्ज्ञाच्या तोंडाकडे पाहत बसणे भाग होते.

अलीकडच्या दोन निकालांनी या दुहेरी विद्येचे मोल बदलले आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट खटल्यात, संदिग्ध कायद्याचा सरकारी खात्याने लावलेला अर्थ न्यायालयांनी मान्य करण्याची चाळीस वर्षांची रूढी मोडीत काढली. आता अर्थ न्यायाधीश स्वतः लावतात, म्हणजे शास्त्र त्यांना समजावून सांगणे वकिलावर येते. उलट २०२५ च्या सेव्हन काउंटी निकालाने पर्यावरणीय परिणामांच्या अहवालांबाबत न्यायालयांनी खात्याच्या निर्णयाला मोठा मान द्यावा असे बजावले. पहिल्याने न्यायालयाचे दार अधिक उघडले, दुसऱ्याने ते काहीसे लोटले. संयुक्त पदवीच्या माहितीपत्रकांतील उत्साही भाषा या दोहोंसह वाचावी.

काम कोठे मिळते

राष्ट्रीय वनांचे क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. त्यामुळे संघीय नोकरी हे पहिले उत्तर वाटते. परंतु अमेरिकेतील निम्म्याहून अधिक वनभूमी खाजगी मालकीची आहे आणि कामाचा मोठा, कमी गाजणारा भाग तेथे असतो. जमीन विकायची नाही, पण तिच्यावर इमारतीही उठू द्यायच्या नाहीत, असे ठरवणारा मालक भूमी-न्यासाच्या नावे संवर्धन-सुविधाधिकार लिहून देतो आणि आयकर कायद्याच्या कलम १७०(एच) प्रमाणे करसवलत मागतो. तो दस्तऐवज कायमचा असतो. त्यात वृक्षतोडीची मुभा किती, कोणत्या पद्धतीने, कोणाच्या देखरेखीखाली, हे लिहिणाऱ्याला वनसंवर्धन कळले नाही तर पन्नास वर्षांनी भांडणे उभी राहतात. कार्बन श्रेयांचे करार, लाकूड कंपन्यांची कायदेशीर कामे, राज्यांची वनखाती, आदिवासी राष्ट्रांची वनव्यवस्थापन कार्यालये हीही क्षेत्रे आहेत.

पदवी म्हणजे परवाना नव्हे, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. वकिलीसाठी राज्याची बार परीक्षा द्यावीच लागते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत वृक्षतोडीचा आराखडा नोंदणीकृत व्यावसायिक वनतज्ज्ञानेच तयार करावा लागतो आणि त्या नोंदणीला अनुभव व परीक्षा दोन्ही लागतात. वनशास्त्राची पदवी निवडताना तिला सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्सची मान्यता आहे का, हे पाहणे म्हणून महत्त्वाचे.

व्हिसा आणि कर्ज

परदेशी विद्यार्थ्यासाठी खरी परीक्षा इथे आहे. अमेरिकी वनखात्यासारख्या संघीय नोकऱ्या बहुतांशी नागरिकांसाठी राखीव असतात. एफ-१ व्हिसावरील पदवीधराला शिक्षणोत्तर १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञान यादीतील विषयांना आणखी २४ महिने मिळतात. कायदा त्या यादीत नाही, वनशास्त्र मात्र २०२२ च्या विस्तारात तीत आले. ही वाढीव मुदत वनपदवीच्या आधारे घ्यायची, तर नोकरी त्या विषयाशी थेट निगडित असली पाहिजे. निव्वळ वकिली पेढीतील काम त्यात बसेलच असे नाही. आय-२० वर दोन्ही पदव्यांची नोंद कशी व्हावी, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी पहिल्याच सत्रात बोलून घ्यावे; शेवटच्या सत्रात फार उशीर झालेला असतो.

येथेच जन्मलेल्या किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलामुलींपुढे अडचण वेगळी आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी संघीय ग्रॅड प्लस कर्ज बंद होत असून व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतर पदव्युत्तर शिक्षणासाठी २०,५०० डॉलर अशी मर्यादा आली आहे. जे.डी. पहिल्या गटात मोडते. वनविद्यालयात घालवलेल्या वर्षाला कोणती मर्यादा लागेल, हे अर्थसाहाय्य कार्यालयाकडून आधीच विचारून घ्यावे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करून १२० हप्ते भरल्यास उरलेले संघीय कर्ज माफ करणारी योजना २००७ पासून आहे आणि या क्षेत्रातील बऱ्याच नोकऱ्या तशाच संस्थांत असतात.

ज्याला केवळ पर्यावरण कायद्यात वकिली करायची आहे, त्याला दुसऱ्या पदवीची गरज नाही. चांगल्या विधी विद्यालयातील निवडक विषय आणि विधी-साहाय्य केंद्रातील अनुभव पुरेसा ठरतो. ज्याच्याकडे भारतातील एलएल.बी. आहे, त्याच्यासाठी पोर्टलंडच्या लुईस अँड क्लार्क किंवा व्हरमाँट येथील पर्यावरण कायद्याची एक वर्षाची एलएल.एम. अधिक काटकसरीची आहे. संयुक्त पदवी शोभते ती ज्याला जंगलात पाय चिखलात घालायचे आहेत आणि न्यायालयातही उभे राहायचे आहे, त्याला.

भारतात परतण्याचा विचार असल्यास आणखी एक हिशेब मांडावा लागतो. परदेशी कायदा पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या विद्यापीठाची असावी लागते, पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि सनद साधारणतः भारतीय नागरिकालाच मिळते. काम मात्र तेथे कमी नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ‘वन’ या शब्दाला कोशातील अर्थ लावला, तेव्हापासून कोणती जमीन वन आहे हा वाद महाराष्ट्र आणि गोव्यातील खाजगी जमिनींपर्यंत पोचला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलातील बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. बांबूची तोड किती वर्षांच्या चक्राने करावी आणि वाहतूक परवाना कोणी द्यावा, हे दोन्ही प्रश्न त्या ग्रामसभेपुढे एकाच वेळी आले होते.