क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ

क्षयरोगाच्या जंतूंमुळे मेंदू व मेरुरज्जूच्या आवरणांना येणारी सूज. बोलीत ‘मेंदूचा टीबी’. इतर जीवाणूंमुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणशोथात रोगी एकदोन दिवसांत अत्यवस्थ होतो. हे दुखणे मात्र आठवडे रेंगाळते आणि त्या संथपणातच घात करते.

श्वासावाटे शिरलेले जंतू रक्तातून मेंदूपर्यंत जातात व बारीक गाठी करून राहतात. अशी गाठ आवरणांमधील द्रवात फुटली की रोग सुरू होतो, हे रिच व मॅककॉर्डॉक यांनी १९३३ मध्ये दाखवले. चिकट स्राव मेंदूच्या तळाशी साचतो. तंत्रिका आवळल्या जातात, रोहिण्या बुजतात, द्रवाची वाट अडून जलशीर्ष होते. प्रथम बारीक ताप, डोकेदुखी व भूक मंदावणे एवढेच दिसते. पुढे उलट्या, एकाची दोन दिसणे, बरळणे. शेवटी अर्धांगवायू व बेशुद्धी.

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगतच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रासारख्या वस्तीत निदान का लांबते, हे समजणे अवघड नाही. फाउंड्रीतील सिलिकाची धूळ क्षयाला वाट करून देते, दाटीच्या खोल्यांत तो पसरतो आणि खाडा पडू नये म्हणून डोकेदुखी गोळीवर भागवली जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला क्षयासाठी वेतनाच्या ८० टक्के वाढीव आजारभत्ता मिळतो. योजनेत नाव नसलेल्या कंत्राटी कामगाराला तो नाही. सगळा दोष रोग्यावर टाकणे मात्र अन्यायाचे. बंगळूरच्याच राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या बॅनर्जी व अँडरसन यांची तुमकूर जिल्ह्यातील पाहणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत फुप्फुसाच्या क्षयाचे सुमारे निम्मे रोगी आपणहून उपचारांसाठी गेलेले आढळले.

निदानासाठी मणक्यातून पाणी काढतात. त्यात लसीका पेशी व प्रथिने वाढलेली, साखर घटलेली असते. ठेवून दिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखी साखळण धरते. जंतू थोडे असल्याने त्यांची जनुके शोधणारी जीनएक्स्पर्ट चाचणी नकारार्थी आली तरी रोग नाही असे ठरत नाही. अशा वेळी अहवालाची वाट न पाहता औषधे सुरू करावी लागतात. बंगळूरच्या दक्षिण भागातील निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत अशा रोग्यांवर उपचार होतात.

आयसोनियाझिड व पायराझिनामाइड मेंदूत चांगली पोहोचतात, रिफॅम्पिसिन कमी. भारतात उपचार साधारण वर्षभर चालतात. सोबत डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यू घटतात, हे व्हिएतनाममधील चाचणीने २००४ मध्ये सिद्ध केले. जलशीर्षासाठी नळी बसवावी लागते. उपचारांविना रोग बहुधा प्राणघातक ठरतो. शुद्ध हरपण्यापूर्वी औषध सुरू झालेले रोगी बरे होण्याची शक्यता सर्वाधिक असते. जन्मतः टोचलेली बीसीजी लस लहान मुलांना या रोगापासून बऱ्याच अंशी वाचवते, प्रौढांना नाही.