गाणे आमचे, पडदा कुणाचा?

भीमगीते कुणी लिहिली आणि कुणी गायली हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती गाणी ज्या माध्यमातून आपल्या घरात आली त्या माध्यमाचा मालक कोण होता, हे आपण सहसा विचारत नाही. कला आपली, कलावंत आपला, ऐकणारा समाज आपला. मग मधला कॅमेरा, मधली कॅसेट कंपनी आणि मधली केबलची वायर कुणाची? आमच्या मते गेल्या शंभर वर्षांच्या आंबेडकरी कलेचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. दहिसरमधल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी हा लेख आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण आता या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी त्यांची आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या डोंगरापासून करू. दहिसर नदी ज्या डोंगरातून खाली येते त्याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी आणि तितकेच शिलालेख. कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावे तिथे कोरली आहेत. त्यात व्यापारी आहेत, लोहार आहे, भिक्खुणी आहेत. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याचे टाके दिले. ज्याने दिले त्याचे नाव दगडावर आले, आणि ते लोकांच्या प्राकृत भाषेत आले. समाजाने स्वतःच्या पैशाने उभे केलेले आणि देणाऱ्याची नोंद ठेवणारे असे माध्यम आपल्या अंगणात दोन हजार वर्षांपासून आहे. आपण तिथे सहलीला जातो, फोटो काढतो, पण त्यामागचा व्यवहार ध्यानात घेत नाही.

बाबासाहेबांनी तो व्यवहार ओळखला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. लोकमान्य म्हणवणाऱ्यांच्या पत्रात अस्पृश्यांच्या पत्राला विकतची जागादेखील नव्हती! राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून 'मूकनायक' उभा राहिला. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) निघाले. आर्थिक ओढाताण कधीच संपली नाही, तरी बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या पत्रात एखादा रकाना मिळावा म्हणून विनवण्या केल्या नाहीत. पत्र स्वतःचेच हवे, हा त्यांचा आग्रह होता.

मात्र पत्र वाचायला अक्षरओळख लागते आणि तीच तर समाजाला नाकारलेली होती. ही उणीव जलशाने भरून काढली. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर ढोलकी-तुणतुणे घेऊन गावोगाव फिरले. साचा तमाशाचा घेतला, आशय बदलला. मनोरंजनासाठी ज्यांना नाचवले जात होते, तीच माणसे आता सत्याग्रह, शिक्षण आणि स्वाभिमान सांगू लागली. कर्डकांचा एक जलसा आपल्या अनेक सभांच्या तोलाचा आहे, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही सांगितले जातात. जलशाला परवाना लागत नव्हता, तार लागत नव्हती. समाजाने वर्गणी काढायची, शाहिरांना भाकरी द्यायची आणि चावडीपासून दूर, आपल्या वस्तीत, आपला रंगमंच मांडायचा. माध्यम आपले होते, म्हणून काय बोलायचे हेही आपणच ठरवत होतो. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली आणि गावोगाव नेली ती याच वाटेने.

मग पडदा आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पैसा जनतेचा, मनोरा वरळीला, पण निवड करणारे हात कुणाचे? मराठी संस्कृती म्हणून नाट्यसंगीत, भावगीत आणि साहित्यिकांच्या मुलाखती घरोघरी पोहोचल्या. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडले तर जलशाला किती मिनिटे मिळाली? ज्या कलेने लाखो माणसांना बोलते केले, ती कला सरकारी पडद्यावर वर्षातून दोनदा भेटीला येणारी पाहुणी झाली.

या पक्षपाताचे सर्वात उघडे रूप १९८७-८८ मध्ये दिसले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले. त्यातल्या राम-कृष्णाविषयीच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला आणि ते परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये आपल्या समाजाला मुंबईत प्रचंड मोर्चा काढावा लागला. शेवटी सरकार या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडून खंड विकला गेला. रामकथेला सरकारी पडदा मिळाला आणि तिला कोणतीही टीप जोडावी लागली नाही. राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या ग्रंथाला मात्र रस्त्यावर उतरून जागा राखावी लागली. एकाच काळात, एकाच देशात!

पडद्याने नाकारलेली गाणी कॅसेटने उचलली. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर गीतांच्या छोट्या पुस्तिकांशेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज झोपडपट्टीतल्या टेपरेकॉर्डरवर वाजू लागले. हा मोठा विजय होता. पण कॅसेटवरचा हक्क कंपनीचा होता. गायकाच्या हाती बहुतेक वेळा एकरकमी बिदागी पडे आणि गीतकाराचे नाव तर कित्येकदा कव्हरवरही नसे. कान्हेरीच्या दगडावर लोहाराचे नाव टिकले, आपल्या कॅसेटवर कवीचे टिकले नाही.

त्याच सुमारास मुंबईच्या इमारतींत आणि चाळींत केबल आली. १९८४ पासून व्हिडिओ कॅसेट लावून वायरीने सिनेमे दाखवणारा केबलवाला हा आपल्या शहराचा खरा स्थानिक दूरदर्शन अधिकारी ठरला. दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत आले. शहराचे हे उत्तरेचे टोक, वर्तमानपत्रांच्या नकाशावर चेकनाक्यापुरतेच. अशा ठिकाणी केबलवाल्याच्या स्थानिक चॅनेलवर वस्तीतली जयंतीची मिरवणूक, गायन पार्टीचा मुकाबला, विहारातला कार्यक्रम दिसू लागला. केतकीपाडा असो की रावळपाडा, माणसे स्वतःला प्रथमच पडद्यावर पाहत होती. गरीब वस्तीला मिळालेले सामुदायिक टीव्हीच्या सर्वात जवळचे माध्यम ते हेच. पण तेही केबलवाल्याच्या मर्जीवर, स्थानिक नेत्याच्या जाहिरातीवर चालत होते. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईत अ‍ॅनालॉग केबल बंद करण्याची मुदत ठरली, घराघरात सेटटॉप बॉक्स आले आणि काय दाखवायचे हे गल्लीतल्या केबलवाल्याऐवजी मोठ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात ठरू लागले. स्थानिक चॅनेलांचे महत्त्व ओसरत गेले. त्या चित्रफिती कुठे गेल्या? कुणी विचारले नाही, कारण त्या आपल्या मालकीच्याच नव्हत्या.

चित्रफीत कुणाकडे आहे याने काय फरक पडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी ११ जुलै १९९७ आठवावा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ही सरकारी बाजू लगेच सर्वत्र पोहोचली. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, पण तोवर पहिली कहाणी लोकांच्या मनात घर करून बसली होती. चार दिवसांनी मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे गाणे आणि चेहरा आज आपण पाहू शकतो तो आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' आणि 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटांमुळे. पटवर्धनांचे ऋण मान्यच आहे. पण एक कॅमेरा वस्तीत आला म्हणून एक शाहीर टिकला. ज्यांच्या दारी कॅमेरा आलाच नाही, त्या शाहिरांचे काय?

स्वतःची चॅनेले उभी करण्याचा प्रयत्न समाजाने केला आहे. नागपुरातून लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडिया टीव्ही उभे राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये लॉर्ड बुद्धा टीव्हीच्या शुभारंभाच्या कार्यक्रमात, दीक्षाभूमीवर, लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी मंचावरच अखेरचा श्वास घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माध्यमांत गायलेला हा माणूस समाजाच्या चॅनेलच्या स्वागताला उभा असताना गेला. या चॅनेलांना जाहिरातदार मिळत नाहीत, केबलच्या यादीत जागा मिळवायलाही पैसे मोजावे लागतात. उलट २०१९ मध्ये 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका स्टार प्रवाहवर आली आणि घराघरात पाहिली गेली. आनंद आहे. पण प्रेक्षक म्हणून आपण मोजले गेलो, मालक म्हणून नाही.

कायदा काय सांगतो? ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. तो खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, म्हणून निकालाचा लाभ खाजगी कंपन्यांनी ताबडतोब उचलला. लोकांच्या वाट्याला २००६ च्या धोरणाने कम्युनिटी रेडिओ आला, तोही स्वतःच्या बातम्या न देण्याच्या अटीवर. कम्युनिटी टीव्हीसाठी तसे धोरणच नाही. मालमत्ता सार्वजनिक असेल तर तिच्यात आपला हिस्सा कुठे आहे, हा घटनात्मक प्रश्न आहे आणि तो चळवळीने विचारला पाहिजे.

काही मित्र म्हणतात, आता मोबाइल आहे, यूट्यूब आहे, मालकीचा प्रश्न मिटला. कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलनेच महाराष्ट्रभर नेला, हे खरे. पण यूट्यूबचे आवार दुसऱ्याचे आहे. एका तक्रारीने व्हिडिओ खाली उतरतो, खाते बंद पडते, आणि कॅसेट कंपनीचा हक्क आजही आपल्याच शाहिराच्या गाण्यावर आपल्याविरुद्ध उभा राहतो. पत्रक वाटायला बाजाराचा चौक चांगला, पण घरातले कागदपत्र कुणी चौकात ठेवते का?

दुसऱ्यांनी काय केले ते पाहू. अमेरिकेत केंटकी राज्याच्या पूर्वेला लेचर नावाचा डोंगराळ, कोळसा खाणींचा जिल्हा आहे. बाहेरचे कॅमेरे तिथल्या लोकांना मागास, दरिद्री म्हणून दाखवत. १९६९ मध्ये सरकारच्या गरिबी निर्मूलन कार्यक्रमातून तिथल्या तरुणांना चित्रपट शिकवण्याची कार्यशाळा निघाली. तरुणांनी ती आपली केली, तिचे नाव 'अ‍ॅपलशॉप'. त्यांनी खाणकामगार, वादक, विणकर यांच्यावर स्वतः चित्रपट केले, पुढे रेडिओ केंद्र काढले. जुलै २०२२ च्या पुरात त्यांचा संग्रह पाण्याखाली गेला. तरीही तो धुऊन, सुकवून वाचवायला माणसे धावली, कारण तो त्यांचा होता. आपल्याकडे तेलंगणातल्या माचनूर गावात २००८ पासून दलित शेतकरी महिला 'संघम रेडिओ' चालवतात, स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या बियाण्यांविषयी, स्वतःच्या गाण्यांसह. अक्षरओळखीची अट तिथे आड आली नाही.

आणि आपण? २६ जुलै २००५ ला दहिसर नदी काठच्या घरांत शिरली तेव्हा माणसांनी मुले वाचवली, रेशनकार्ड वाचवले. माळ्यावरच्या, पलंगाखालच्या कॅसेटकडे कोण बघणार? पुन्हा पाणी येणार आहे. आणि पाणी आले नाही तरी चुंबकीय फीत आपोआप झिजते आणि म्हातारे शाहीर तर त्याआधीच जातात.

म्हणून काम ठरवून घेऊ. दहिसरच्या प्रत्येक वस्तीतल्या जुन्या गायन पार्ट्या, शाहीर, ढोलकीवाले, ओव्या आणि भीमगीते गाणाऱ्या आया-आज्या यांची यादी करा. उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली बांधवांना त्यांच्या इच्छेने सोबत घ्या. घरातल्या कॅसेट, हस्तलिखित वह्या, जयंतीच्या चित्रफिती डिजिटल करा. तीन प्रती ठेवा आणि एक तरी प्रत नदीपासून दूर, वरच्या मजल्यावर ठेवा. प्रत्येक गाण्यासोबत गीतकार, गायक, वादक यांचे नाव लिहा, कलावंताची लेखी संमती घ्या आणि उत्पन्न झाले तर वाटा कुणाचा किती हे आधी ठरवा. खर्च वर्गणीतून करा आणि हिशेब विहाराच्या फळ्यावर लावा. जयंतीच्या डीजेवर जेवढा पैसा एका रात्रीत जातो, त्याच्या काही हिश्श्यात हे काम सुरू होते. मग त्यातून महिन्याला एक तासाचा कार्यक्रम करा आणि विहारात पडदा लावून दाखवा. यूट्यूबवरही टाका, पण मूळ प्रत आपल्याकडे राहू द्या.

आपल्या पूर्वजांनी दगडात नावे कोरली, बाबासाहेबांनी पत्रे काढली, जलसाकारांनी पायपीट केली. त्यांनी कुणाच्या पडद्यावर जागा मिळण्याची वाट पाहिली नाही. आपणही पाहू नये.

जयभीम!