क्रिस्तो रे जेझुइट हायस्कूल, शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहराच्या पिल्सेन या मुख्यतः मेक्सिकन वस्तीच्या भागातील कॅथलिक माध्यमिक शाळा. स्थापना १९९६. ‘क्रिस्तो रे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘ख्रिस्त राजा’. पेरूमध्ये अनेक वर्षे काम केलेले जेझुइट धर्मगुरू जॉन फोली हे शाळेचे पहिले अध्यक्ष. कष्टकरी स्थलांतरितांच्या मुलांना खाजगी शाळेची फी परवडणारी नव्हती आणि केवळ देणग्यांवर शाळा चालण्यासारखी नव्हती. या अडचणीतून निघालेला तोडगा हेच शाळेचे खरे वैशिष्ट्य. कंपनीतील कनिष्ठ कारकुनाची एक पूर्णवेळ जागा चार विद्यार्थी आळीपाळीने सांभाळतात. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याचे साधारण पाच दिवस येतात. त्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांची मुले नीटनेटक्या पोशाखात बँका, वकिलांच्या कचेऱ्या, रुग्णालये येथे जाऊन फायली लावणे, झेरॉक्स काढणे, संगणकावर नोंदी करणे अशी कामे करतात. पगार त्यांच्या हाती पडत नाही. तो थेट शाळेकडे जमा होऊन शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग भागतो. उरलेला भाग देणग्या आणि पालकांची माफक फी यांतून उभा राहतो. ही निव्वळ ‘कमवा आणि शिका’ योजना नव्हे; कचेरीच्या जगाशी मुलांची ओळख होते, हा लाभ पैशाहून मोठा मानावा लागेल. याच नमुन्यावर इतर शहरांत शाळा निघाल्या आणि त्यांचे ‘क्रिस्तो रे नेटवर्क’ उभे राहिले.