गळका फ्लश आणि ब्रिटनची झडपबंदी

संडासाच्या टाकीतून रात्रभर झिरपणारे पाणी ही घरोघरची कटकट. प्लंबर येतो, वायसर बदलतो, काही महिन्यांनी झिरप पुन्हा सुरू होते. एकोणिसाव्या शतकात याच झिरपेने लंडनच्या खासगी पाणी कंपन्यांची झोप उडवली होती.

त्या काळी टाकीच्या तळाला भोक असे आणि त्यावर झडप. साखळी ओढली की झडप उचलली जाई. झडपेचे चामडे झिजले की पाणी अखंड वाहू लागे. घरमालकाला त्याची फिकीर नव्हती, कारण पाणीपट्टी मीटरवर नव्हे, तर घराच्या मूल्यावर ठरत असे. गळतीचा भुर्दंड कंपनीच्या माथी! १८७१च्या कायद्याने लंडनला अखंड पाणीपुरवठ्याची दिशा दिली, तेव्हा ही धास्ती आणखी वाढली. मग नियम झाला: एका फ्लशला दोन गॅलनांहून अधिक पाणी सुटता कामा नये, आणि टाकी पाणी वाया न घालवणारी हवी.

यातून सायफनची टाकी रूढ झाली. तिच्यात उलट्या ‘यू’च्या आकाराची नळी असते. दांडा ओढला की आतली चकती थोडे पाणी नळीच्या वळणापलीकडे ढकलते. एकदा धार लागली की उरलेले पाणी आपोआप खेचले जाते. पाण्याच्या पातळीखाली झडपेने बंद ठेवावे असे भोकच नाही, मग गळणार कोठून? थॉमस क्रॅपर यांनी विकलेल्या अशा प्रसिद्ध टाकीचे १८९८चे पेटंट मात्र अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावावर आहे. फ्लशचा शोध क्रॅपर यांनी लावला, ही निव्वळ दंतकथा.

खरी हुशारी बिघडण्याच्या रीतीत होती. झडप बिघडली तरी फ्लश चालतो, त्यामुळे माणूस स्वस्थ बसतो. सायफनचा पडदा फाटला की फ्लशच होत नाही. दुरुस्ती त्याच दिवशी करावी लागते. शिवाय, टाकी भरून वाहिली तर पाणी भिंतीबाहेर काढलेल्या नळीतून ठिबके, आणि गळती साऱ्या गल्लीला दिसे.

१९९९च्या नियमांनी हे चित्र पालटले. फ्लशची मर्यादा ६ लिटरांवर आली आणि २००१पासून झडपांना व दोन बटणांच्या फ्लशला मुभा मिळाली. हेतू पाणी वाचवण्याचा; पण झडपेबरोबर जुनी गळतीही परतली. जादा पाणी आता थेट भांड्यातच उतरू लागले, तेही गुपचूप. एक गळका संडास दिवसाला शेकडो लिटर पाणी घालवू शकतो.

ते ओळखायचे, तर टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर वायसर बदलायची वेळ झाली.