हरितमार्ग, नागरी
हरितमार्ग, नागरी : शहराच्या वस्तीतून जाणारा, मोटारींच्या वाहतुकीपासून अलग ठेवलेला व वृक्षराजीने युक्त असा पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठीचा सलग पट्टा. उद्यानाप्रमाणे तो विश्रांतीचे स्थळ असतो आणि रस्त्याप्रमाणे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवितोही. या दुहेरी स्वरूपामुळे त्याची आखणी, मालकी, देखभाल व नामकरण यांविषयी जे प्रश्न उद्‌भवतात, ते निव्वळ उद्यानाच्या किंवा निव्वळ रस्त्याच्या बाबतीत उद्‌भवत नाहीत.

संज्ञा : इंग्रजीतील ‘ग्रीनवे’ हा शब्द नगररचनेच्या परिभाषेत अमेरिकन लेखक विल्यम एच. व्हाइट (१९१७–९९) याच्या १९५९ मधील लेखनापासून रूढ होऊ लागला. चार्ल्स लिटल याच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे त्याला व्यापक मान्यता मिळाली. मराठीतील ‘हरितमार्ग’ हा त्याचा पर्याय होय. तथापि या कल्पनेला जवळचा असा जुना शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडी असलेल्या, शेताशेतांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेस ‘पाणंद’ किंवा ‘पांद’ म्हणतात. दौंड तालुक्यात मुळा-मुठा व भीमा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या राहू बेटासारख्या बागायती मुलखात अशा वाटा शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराचा भाग असतात. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने व गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखविण्याची पद्धत आहे. अशी वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याचा हक्कही मिळविता येतो. खेड्यातील पाऊलवाटेला असे जुने व नेमके वैधानिक संरक्षण असताना शहरात पायी चालणाऱ्याची वाट मात्र बहुधा रस्तारुंदीकरणातून उरलेल्या जागेवर अवलंबून राहिली, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

पूर्वेतिहास : जगातील बहुतेक जुने हरितमार्ग रिकाम्या कागदावर आखले गेलेले नाहीत. पूर्वीच्या एखाद्या उपयोगातून मोकळ्या झालेल्या लांबट जमिनीवर ते उभे राहिले. यूरोपात तोफखान्याच्या प्रगतीमुळे शहरांचे तट निरुपयोगी ठरले आणि त्यांच्या जागी वृक्षांच्या रांगा असलेले रुंद मार्ग झाले. ‘बुलेव्हार’ या फ्रेंच शब्दाचे मूळ तटबंदीच्या बुरुजासाठी असलेल्या डच शब्दात आहे. व्हिएन्ना येथील तट पाडण्याचा आदेश १८५७ मध्ये निघाला आणि त्या जागेवरील ‘रिंगश्ट्रास’ या वर्तुळाकार मार्गाचे उद्‌घाटन १८६५ मध्ये झाले.

अमेरिकेत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (१८२२–१९०३) या भूदृश्यशिल्पज्ञाने बॉस्टन शहरासाठी १८७८ पासून उद्यानांची एक साखळी आखली. दलदल व पुराचे पाणी यांची व्यवस्था आणि फिरण्याच्या वाटा या दोन्ही गोष्टी त्याने एकाच योजनेत गुंफल्या. ही साखळी ‘पाचूचा हार’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. ब्रुकलिनमधील ओशन पार्कवे या मार्गालगत १८९४ मध्ये केवळ सायकलींसाठी वेगळा मार्ग खुला झाला.

एबेनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) याने १८९८ मध्ये मांडलेल्या उद्याननगरीच्या कल्पनेमुळे हरितपट्टा हा नगररचनेचा घटक ठरला. कोपनहेगनच्या १९४७ च्या ‘पंचांगुली’ आराखड्यात शहराची वाढ लोहमार्गांच्या अनुरोधाने बोटांप्रमाणे करून बोटांमधील जागा मोकळ्या ठेवण्यात आल्या. पॅरिसमध्ये बंद पडलेल्या लोहमार्गाच्या उन्नत कमानींवर वृक्षवीथी निर्माण करण्यात आली व ती १९९३ मध्ये खुली झाली. पुढे तिला कृषिशास्त्रज्ञ रने द्यूमाँ याचे नाव देण्यात आले. न्यूयॉर्क येथील ‘हाय लाइन’ (पहिला टप्पा २००९) हा त्याच परंपरेतील होय. मात्र त्यावर सायकल चालविण्यास मनाई आहे.

भारतातील विचार : स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हा १९१४ मध्ये भारतात आला व १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचा प्राध्यापक होता. सरळ व रुंद रस्ता काढण्यासाठी जुनी वस्ती पाडण्यापेक्षा थोड्या ठिकाणी जपून फेरफार करावेत आणि विहिरी, तळी व झाडे यांच्याभोवतीच्या मोकळ्या जागा पायवाटांनी जोडाव्यात, असा त्याचा आग्रह होता. स्वातंत्र्योत्तर काळात चंडीगढच्या आराखड्यात ल कॉर्ब्यूझ्ये याने मार्गांचे सात वर्ग पाडले. त्यांपैकी सातवा वर्ग हिरव्या पट्ट्यांतून जाणाऱ्या पादचारी मार्गांचा होता. सायकलमार्गांचा आठवा वर्ग नंतर जोडण्यात आला. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांविषयीचे मानक १९६२ मध्ये व पादचारी सोयींविषयीचे १९८८ मध्ये प्रसृत केले. त्यांपैकी दुसरे २०१२ मध्ये सुधारण्यात आले असून त्यात पदपथाची अडथळ्याविना किमान रुंदी १.८ मी. सांगितली आहे. वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात नमूद झाले.

पुणे : पुण्यात अशा मार्गांसाठी उपलब्ध होऊ शकणारी जमीन मुख्यतः पाण्याच्या व्यवस्थेतून निर्माण झाली आहे. खडकवासला धरणाचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले आणि त्यातून मुठा नदीच्या दोन्ही तीरांवरून कालवे काढण्यात आले. उजवा कालवा पुणे शहरातून पूर्वेकडे दौंड तालुक्याच्या दिशेने गेला. डावा कालवा कोथरूड-एरंडवणे भागातून खडकीकडे गेला. कालवा समोच्च रेषेला धरून जातो, त्यामुळे त्याच्या काठाला चढउतार जवळजवळ नसतो. चालणारा व सायकलस्वार या दोघांनाही हा गुण सोयीचा असतो. शिवाय अशी सलग जमीन शासनाच्या मालकीची असल्याने शेकडो मालकांकडून ती संपादन करावी लागत नाही. डावा कालवा कालांतराने वापरातून गेला व त्याच्या काही भागांवर रस्ते आणि फिरण्याच्या वाटा झाल्या. कालव्यातून पाणी वाहत नसले, तरी लोकांच्या तोंडी त्या मार्गाचे नाव ‘कॅनॉल रोड’ असेच राहिले आहे.

उजव्या कालव्याची स्थिती वेगळी आहे. तो वाहता असून शहरानंतरच्या शेतीचे पाणी त्यातून जाते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटून लगतच्या वस्तीत पाणी शिरले व अनेक कुटुंबांचे संसार वाहून गेले. वाहत्या कालव्याचा काठ हा प्रथम जलवास्तूचा भाग असतो व फिरण्याची वाट त्यानंतर, हे या घटनेने दाखवून दिले. खडकवासला ते फुरसुंगी या भागात कालव्याऐवजी बोगदा काढण्याची योजना शासनाने आखली आहे. ती पूर्ण झाल्यास शहराच्या मध्यातून जाणारा एक मोठा सलग पट्टा मोकळा होईल. तो मोटाररस्त्याला द्यावा की हरितमार्गाला, आणि कालव्याच्या कडेने वसलेल्या कुटुंबांचे काय करावे, हे प्रश्न त्यासोबतच उभे राहतात.

सायकलींचे शहर अशी पुण्याची एके काळी ख्याती होती. स्वयंचलित दुचाकींच्या प्रसारानंतर ती ओसरली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेच्या (प्रारंभ २००५) काळात काही रस्त्यांलगत सायकलमार्ग बांधण्यात आले. परंतु ते ठिकठिकाणी तुटक राहिले व त्यांवर वाहने उभी राहू लागली. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मुळा, मुठा व मुळा-मुठा या नद्यांच्या काठाने सु. ४४ किमी. लांबीचा सुधार प्रकल्प हाती घेण्यात आला असून त्यात चालण्याच्या व सायकलींच्या मार्गांचा समावेश आहे. काठावरील जुनी झाडे, पात्राची रुंदी व पुराची पातळी यांसंबंधी या प्रकल्पावर नागरिकांनी आक्षेप घेतले आहेत. नदीकाठावरील मार्ग कोठे असावा, हा प्रश्न केवळ शहरापुरता मर्यादित नाही. पुण्यातून पुढे जाणारी मुळा-मुठा हवेली व दौंड तालुक्यांतून वाहत भीमेला मिळते आणि शहरात नदीचे जे केले जाते, त्याचा परिणाम खालच्या गावांना भोगावा लागतो.

मुंबई : मुंबईला तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मिळू लागले. या पाण्याच्या प्रचंड नळांचा पट्टा पूर्व उपनगरांतून शहराकडे जातो. नळांच्या दोन्ही बाजूंना कालौघात दाट वस्ती झाली. जलवाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक बाजूचा १० मी. पट्टा मोकळा करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले. मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये, म्हणून मुलुंड ते शीव असा सु. ३९ किमी. लांबीचा पादचारी व सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली व तिला ‘ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स’ असे इंग्रजी नाव दिले. विस्थापितांपैकी अनेकांना चेंबूरजवळील माहुल येथे घरे देण्यात आली. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या या परिसरातील हवेबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच चिंता व्यक्त केली होती. रहिवाशांच्या आंदोलनानंतर उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, माहुलला जाण्याची सक्ती न करता अन्यत्र घर किंवा दरमहा १५,००० रु. भाडे द्यावे, असे आदेश दिले. शहराला स्वच्छ हवा देऊ पाहणाऱ्या मार्गाच्या जागेवरून उठविलेली माणसे प्रदूषित हवेत जाऊन पडावीत, या घटनेमुळे हरितमार्गाचा हिशेब केवळ त्याच्या लांबीत मांडता येत नाही, हे स्पष्ट झाले.

आखणी : हरितमार्गाचे मूल्य त्याच्या सलगतेत असते. उद्यानाचा एक कोपरा कमी झाला, तरी उद्यान उरते. मार्गातील एक तुकडा मिळाला नाही, तर संपूर्ण मार्ग निकामी होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात जमीन आरक्षित करता येते. परंतु कलम १२७ नुसार दहा वर्षांत ती संपादन न झाल्यास व मालकाने सूचना दिल्यावर विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. त्यामुळे नाले, कालवे, जलवाहिन्या व लोहमार्ग यांलगतच्या सार्वजनिक जमिनींना विशेष महत्त्व येते. या जमिनी निरनिराळ्या खात्यांच्या ताब्यात असल्याने त्यांच्यातील सहमती ही आखणीची पहिली पायरी ठरते. चौकांतील सुरक्षित ओलांड, रात्रीचा उजेड, सावली, बसण्याच्या जागा व जवळच्या शाळा-बाजारांशी जोड यांवर मार्गाचा प्रत्यक्ष वापर अवलंबून असतो.

नामकरण : मार्गांना नावे देण्याचा अधिकार महापालिकांना आहे, परंतु दिलेले नाव रूढ होईलच असे नाही. पुण्यातील फर्ग्युसन रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ असे आहे. मुंबईतील मरीन ड्राइव्हचे (पायाभरणी १९१५) अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असे असून रात्रीच्या दिव्यांमुळे त्याला ‘राणीचा रत्नहार’ असेही संबोधिले जाते. दोन्ही ठिकाणी जुनीच नावे बोलण्यात टिकून आहेत. याउलट नाव बदलणे हे सामाजिक न्यायाचे साधनही ठरते : वस्त्यांना व रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला.

हरितमार्गाच्या नावाचे साधारणतः तीन प्रकार आढळतात : व्यक्तीच्या स्मरणार्थ दिलेले, स्थळाच्या पूर्वीच्या उपयोगावरून पडलेले आणि प्रचारासाठी योजिलेले. पहिल्याने आदर व्यक्त होतो, तिसऱ्याने योजनेकडे लक्ष वेधले जाते. मात्र तो मार्ग मुळात कोणाचा व कशासाठी होता, याची आठवण दुसऱ्या प्रकारातच जपली जाते. कालवा बुजला, तरी त्याचे नाव वाटेला चिकटून राहते आणि त्या जमिनीवर सर्वांचा हक्क असल्याची एक अलिखित नोंद म्हणून उपयोगी पडते. पाणंद, पाऊलवाट, कालवा, नाला व घाट यांसारखे शब्द या दृष्टीने शहरी हरितमार्गांच्या नावांतही सामावून घेण्याजोगे आहेत.